कार्टमधल्या पाच वस्तू आणि एक शनिवार

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा. उद्या सुट्टी. अंगावर पांघरूण, हातात मोबाइल आणि कार्टमध्ये पाच वस्तू. तुमच्याही कार्टमध्ये आत्ता काहीतरी असणारच, उगाच नाही म्हणू नका!

माझी यादी अशी होती. लॅपटॉपचा ॲडॅप्टर, कारण जुन्याने ऐन डेडलाइनच्या दिवशी मान टाकली होती. कुकरची रिंग. मैत्रिणीच्या नव्या घरासाठी तांब्याचा जग. माझ्या म्हाताऱ्या व्हॉइस रेकॉर्डरच्या बॅटरीचं झाकण. आणि एक जुनी मराठी कादंबरी, जिच्यापुढे गेले दोन महिने ‘सध्या उपलब्ध नाही’ एवढंच दिसत होतं.

बोट ‘बाय नाऊ’वर टेकणार, तेवढ्यात ॲडॅप्टरखालच्या बारीक अक्षरांकडे लक्ष गेलं. विक्रेत्याचं नाव आणि पत्ता... बुधवार पेठ, पुणे 411002.

मी राहते कोथरूडला. म्हणजे जेमतेम सहा किलोमीटरवरच्या गल्लीतली वस्तू कुठल्यातरी गोदामाची वारी करून, खोक्यात आणि खोक्याच्या आत आणखी एका पिशवीत बसून माझ्या दारात येणार. हे काय लॉजिक आहे, बॉस?

हा पत्ता दाखवणं कंपन्यांना बंधनकारक आहे, 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार. आणि परदेशी भांडवलावर चालणाऱ्या ई-कॉमर्स कंपनीने, ढोबळमानाने सांगायचं तर, आपल्याकडे फक्त बाजार भरवायचा. विकणारे वेगळे असायला हवेत. आपण ज्याला ‘ऑनलाइन’ म्हणतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला कुठल्यातरी पेठेतलं शटर असू शकतं, हे मात्र आपल्या गावीही नसतं. निदान माझ्या तरी नव्हतं.

मी कार्ट तशीच ठेवली. पाच वस्तूंची चिठ्ठी केली. चक्क कागदावर, पेनाने!

पहिला थांबा : तुळशीबाग

पेठांत जायचं नाही म्हणण्याची माझी ठरलेली सबब म्हणजे पार्किंग. तीही आता गेली. सप्टेंबर 2024 मध्ये मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मंडई, कसबा पेठ ही स्टेशनं थेट गर्दीच्या पोटातच उघडली. वनाजला बसले, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली आणि मंडईला वर आले. समोर महात्मा फुले मंडईची इमारत. 1886 सालची, तेव्हाचं नाव रे मार्केट. एवढ्या वर्षांत कुणी तिचं ‘युजर इंटरफेस’ बदललेलं नाही, तरी कोथिंबीर कुठे मिळते हे पुण्यातल्या प्रत्येक आजीला पाठ आहे.

मंडईतून तुळशीबागेत शिरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तुळशीबाग म्हटलं की आपल्याला कानातले आणि क्लिपा आठवतात, पण इथलं राममंदिर पेशवाईतलं आहे. नारो आप्पाजी खिरे यांनी 1763 मध्ये त्याचं काम सुरू केलं. बाजार देवळाभोवती वाढला. भांडी, पूजेचं सामान, भातुकली आणि कुकरच्या रिंगा!

ऑनलाइन रिंग घेताना मी तीनदा गोंधळले होते. पाच लिटर की साडेपाच? झाकण आतलं की बाहेरचं? इथे मी पिशवीतून जुनी रिंग काढली. काकांनी ती हातात घेतली, जरा ताणून बघितली आणि पाठ न वळवता मागच्या खुंटीवरून नवी काढून दिली. चार सेकंद.

‘ताई, शिट्टीपण आणायची होती की. रिंग एवढी कडक झालीय म्हणजे शिट्टी बदलायला आली असणार.’

आता हे ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ टाइपच वाटतं ना? पण काकांनी शिट्टी विकली नाही. ‘आधी घरी जाऊन साफ करून बघा, नाही झालं तर या,’ म्हणाले. रिंग 90 रुपये. मोबाइलमध्ये 140 होती.

दुसरा थांबा : तपकीर गल्ली

लक्ष्मी रोड ओलांडायचा आणि बुधवार पेठेत शिरायचं. पासोड्या विठोबाच्या आसपास विजेच्या दुकानांची दाटी सुरू झाली की समजायचं, तपकीर गल्ली आली. वायरींची भेंडोळी, एलईडीच्या माळा, पंखे, स्पीकर आणि ‘दीदी, क्या चाहिए?’पासून ‘बोला मॅडम’पर्यंत सगळ्या भाषांतलं स्वागत.

मोबाइलवर दिसलेला विक्रेता मी शोधला नाही. जे पहिलं रिपेअरिंगचं काउंटर दिसलं, तिथे ॲडॅप्टर ठेवला आणि ‘असाच नवा द्या’ म्हटलं.

मुलगा माझ्यापेक्षा लहान असेल. त्याने ॲडॅप्टर प्लगमध्ये लावला, मीटरच्या दोन सुया टेकवल्या, वायर पिनेपाशी जरा वाकवली.

‘नवा कशाला? हा चालूय. वायर आत तुटलीये पिनेजवळ. पिन बदलून देतो, एकशेवीस होतील. दोन तासांनी या.’

ऑनलाइन नवा ॲडॅप्टर 1,150 रुपयांचा होता. आणि तिथे मला कुणीही, कुठल्याही बटणाने, ‘तुला याची गरज नाही’ असं सांगितलं नसतं.

रेकॉर्डरचं झाकण मात्र बघताक्षणी त्याने मान हलवली. शेजारच्याला विचारलं, त्याने समोरच्याला. शेवटी हसून म्हणाला, ‘मॅडम, हे गल्लीत नाही मिळणार. ऑनलाइन बघा!’

खरं सांगू? मला तो जास्तच आवडला.

तिसरा थांबा : अप्पा बळवंत चौक

इथे थोडं थांबावं लागेल, कारण हा चौक माझ्यासाठी नुसता चौक नाही.

पेशवाईतले सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाचा हा चौक, पण पुणेकरांसाठी तो एबीसी. एमपीएससीचे गठ्ठे, जुनी इंजिनीअरिंगची पुस्तकं, गाइडं, वह्या, मराठी प्रकाशकांची दुकानं. माझ्या बाबांचं साताऱ्याला शाळेजवळ पुस्तकं आणि स्टेशनरीचं दुकान होतं. मे महिन्यात ते एसटीने पुण्याला यायचे, दिवसभर या चौकात माल बघायचे आणि रात्री उशिरा घरी परतायचे. त्यांच्या शर्टाला नव्या वह्यांचा वास यायचा.

2016 ची गोष्ट. मी सुट्टीला घरी होते. मास कॉमच्या अभ्यासासाठी एक पुस्तक ऑनलाइन मागवलं. दुपारी घरी कुणी नसतं म्हणून पत्ता टाकला... दुकानाचा. पार्सल आलं, गल्ल्यावर बसलेल्या बाबांनी सही करून घेतलं आणि मी गेल्यावर माझ्या हातात दिलं.

‘किती सूट मिळाली?’ त्यांनी विचारलं.

‘तीस टक्के!’ मी खुशीत.

‘मला स्वतःला पंचवीस टक्क्यांनी मिळतं गं,’ एवढंच म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पेन्सिली दाखवायला लागले.

2019 मध्ये दुकान बंद झालं. कारणं बरीच होती. शाळाच पुस्तकं-वह्या विकायला लागली होती, बाबांचे गुडघे बोलायला लागले होते. त्या एका पार्सलने दुकान बंद पडलं, असं म्हणणं फारच फिल्मी होईल. पण ते पार्सल मी विसरलेले नाही.

दुकानं एका रात्रीत जात नाहीत. कॅम्पातलं मॅनीज 2012 मध्ये बंद झालं. मुंबईत फोर्टमधलं, 1948 पासूनचं स्ट्रँड 2018 मध्ये गेलं. प्रत्येकाची कारणं वेगळी असतील. पण ॲमेझॉनने 1995 मध्ये अमेरिकेत सुरुवात केली ती पुस्तकांपासून आणि जून 2013 मध्ये भारतात आल्यावरही सुरुवातीला पुस्तकं आणि सिनेमेच ठेवले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुस्तक तुटत नाही, विटत नाही, त्याला साइज नसतो. खोक्यात घालायला सगळ्यात सोपी वस्तू!

तर, कादंबरी. पहिल्या दुकानातल्या काकांनी नाव ऐकलं, डोळे मिटले (कॉम्प्युटर शेजारीच होता, त्याकडे बघितलंही नाही) आणि म्हणाले, ‘आपल्याकडची संपली. थांबा.’ एक फोन केला. मी तोपर्यंत उभ्या उभ्या दुसऱ्याच एका पुस्तकाची सोळा पानं वाचली. दहा मिनिटांत एक पोरगा गर्दीतून सायकल काढत आला आणि कॅरिअरला लावलेली कादंबरी काउंटरवर ठेवली. टेन मिनिट डिलिव्हरी, तीही ॲपशिवाय! किंमत 300, दहा टक्के सूट, क्यूआर कोडवर 270 रुपये. हुश्श.

चौथा थांबा : तांबट आळी

चौकातून शनिवारवाड्याच्या अंगाने कसब्यात यायचं. तांबट आळी डोळ्यांच्या आधी कानांना सापडते. ठक-ठक-ठक-ठक. पेशवाईत इथे वसलेल्या तांबटांचे वंशज अजूनही तांब्याच्या पत्र्याला हातोडीने आकार देतात. भांड्यावर ते जे एकसारखे, आरशासारखे चमकणारे ठोके दिसतात, त्याला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी पत्रा कडक होतो, म्हणजे ते नुसतं डिझाइन नाही.

जग इथे महाग पडला, हे कबूल करायला हवं. ऑनलाइन 1,100, इथे 1,450. पण दोन्हींच्या वजनात फरक होता, तो हातात घेतल्यावर कळला. फोटोला वजन कुठे असतं?

हिशेब मांडू या

संध्याकाळी ॲडॅप्टर घेतला आणि कसबा पेठ स्टेशनात उतरले. रिंग, पिन, जग मिळून 1,660 रुपये. याच गोष्टी ऑनलाइन 2,390 ला पडल्या असत्या, त्यातही नव्या ॲडॅप्टरचेच 1,150. कादंबरी तिथे नव्हतीच. झाकण इथे नव्हतं.

आणि वेळ? साडेपाच तास. हीच खरी किंमत आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. रात्री नऊला ऑफिसमधून सुटणाऱ्याला, घरी तान्हं बाळ असणाऱ्याला किंवा जिने न चढवणाऱ्या आजोबांना ‘पेठेत जा’ सांगणं हा शहाणपणा झाला. मीही झाकण शेवटी ऑनलाइनच मागवलं.

पण पाचातल्या चार गोष्टींना मोबाइलची गरज नव्हती, ती फक्त माझी सवय होती. आणि त्या साडेपाच तासांत दोघांनी मला विकता येणारी वस्तू विकली नाही. हे फीचर अजून कुठल्याही ॲपमध्ये आलेलं नाही.

घरी जाताना बाबांना फोन केला. एबीसीला गेले होते म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला.

‘कितीने दिलं?’

‘दहा टक्के.’

‘दहा बरोबर आहे,’ बाबा म्हणाले. मग जरा थांबून, ‘अगं, पण गर्दी होती का? दुकानांत गर्दी होती ना?’

‘होती, बाबा. उभं राहायला जागा नव्हती.’

‘मग ठीक,’ म्हणाले.

पेठेत निघण्याआधी...

- जुनी वस्तू बरोबर न्या. रिंग, पिन, स्क्रू, काहीही. मॉडेल नंबरपेक्षा नमुना बरा.
- आधी ‘दुरुस्त होईल का?’ विचारा, मग ‘नवा केवढ्याला?’
- दुपारी एक ते चार जरा जपून. चितळ्यांनी 2017 मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, पण सगळ्यांनीच तसं केलंय असं समजू नका!
- बिल मागा. बदलून घ्यायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतं.
- आवडलेल्या दुकानाचा नंबर सेव्ह करा. पुढच्या वेळी फोनवर ‘आहे का?’ विचारून निघालात, तर साडेपाच तासांचे दोन होतात.
- घरबसल्याच हवं असेल, तरी एकच दार नाही. मराठी पुस्तकांसाठी पुण्याचं बुकगंगा आहे.
- आणि कार्टमध्ये काही टाकलंत, तर विक्रेत्याचा पत्ता एकदा वाचा. कोण जाणे, तुमच्याच बसस्टॉपच्या मागे निघायचा!