दीक्षाभूमीवरून आणलेली पिशवी

दसऱ्याला पंधरवडा उरला की आमच्या वस्तीत दोन वर्गण्या फिरू लागतात. एक नागपूरला जाणाऱ्यांच्या शिदोरीची आणि दुसरी पुस्तकांची. पहिली फार जुनी. दुसरी आम्ही काही जणांनी सात वर्षांपूर्वी सुरू केली. आमची वस्ती कल्याणच्या पुढे, रेल्वेच्या रुळांना लागून. नाका कामगार, रिक्षावाले, धुणीभांडी करणाऱ्या भगिनी आणि आमच्यासारखे दोन-चार कारकून अशी इथली माणसे. बुद्ध विहाराच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. तेच आमचे वाचनालय. आम्ही बी.कॉम. झालेले, म्हणून हिशेबाची वही आणि कपाटाची किल्ली दोन्ही आमच्या गळ्यात!

गेल्या दसऱ्याआधीची बैठक मात्र जड गेली. नोंदवही उघडली तर सहा महिन्यांत अवघी नऊ पुस्तके घरी गेलेली. त्यातली चार आम्हीच नेलेली. मुले इंग्रजी शाळेत जातात, मराठी अक्षर लावताना अडखळतात. मोठी माणसे कामावरून येतात ती थकूनच आणि मग हातात फोन. एक तरुण कार्यकर्ता स्पष्टच बोलला, "काका, वर्गणी कशाला वाया घालवायची? त्याच पैशात जयंतीला चांगला साऊंड लावू." राग आला, पण वहीतले आकडे त्याच्या बाजूने होते. शेवटी ठरले ते असे: या दसऱ्याला एकदा पुस्तके आणायची. चौदा एप्रिलपर्यंत नोंदवही हलली नाही, तर कपाट रिकामे करून पुस्तके दुसऱ्या वाचनालयाला देऊन टाकायची.

सत्तावीस घरांनी प्रत्येकी दोनशे रुपये दिले. झाले ५,४०० रुपये. निघायच्या आदल्या रात्री एक मावशी आल्या. साठीच्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याकडच्या. पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढून म्हणाल्या, "भाऊ, मला वाचता येत न्हाई. पर माझ्यासारखीचं कुनी काय लिवलं आसंल तर तेवढं आना." आम्ही ५,५०० रुपये जमा अशी नोंद केली, आणि मावशींच्या नावापुढे त्यांची मागणीही लिहून ठेवली.

आम्ही पाच जण कल्याणला सेवाग्राम एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात शिरलो. दसऱ्याच्या वेळी त्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. निळे झेंडे, भाकरीची गाठोडी, कडेवरची पोरे आणि डब्याच्या टोकाला चाललेली भीमगीते. कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत आम्ही उभेच होतो. भुसावळला थोडी हलचाल झाली आणि एक गृहस्थ आमच्या शेजारी टेकले. रेल्वेत खलाशी होते, आता निवृत्त. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुस्तक.

"जयभीम. कुठून?"

"जयभीम. कल्याणहून. पुस्तकं आणायला चाललोय."

एवढे ऐकले आणि म्हाताऱ्याची झोपच उडाली! तीस-बत्तीस वर्षे ते दर दसऱ्याला नागपूरला येतात आणि दर वर्षी एकच पुस्तक विकत घेतात. घरी लोखंडी पेटी आहे. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर तारीख, किंमत आणि वाचायला नेणाऱ्याचे नाव. आम्ही विचारले, "परत न आलेलीही असतील?" ते हसले. "हायेत ना, पाच-सहा. पण पुस्तक हरवत नसतं साहेब. ते दुसऱ्याच्या घरात असतं, एवढंच."

आम्हाला वहीतली नऊ नावे आठवली आणि थोडे ओशाळल्यासारखे झाले. आमची तर सगळीच्या सगळी पुस्तके सुखरूप होती, कपाटात!

त्यांच्या पिशवीतले पुस्तक वसंत मून यांचे 'वस्ती' होते. मून यांचे नाव आपल्या घरांत माहीत असते ते शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांमुळे. पहिला खंड १९७९ साली आला आणि त्या कामाचे संपादक म्हणून मून यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे खर्ची घातली. महसूल खात्यातला माणूस. आम्हा कारकून मंडळींना त्यांचे विशेष अप्रूप वाटते, कारण कागद जपणे म्हणजे काय ते आम्हाला कळते. 'वस्ती'मध्ये त्यांनी नागपूरच्या सीताबर्डीतल्या आपल्या मोहल्ल्याची गोष्ट सांगितली आहे. पूर्वीचा महारपुरा, पुढे झालेला आनंदनगर. गेल ऑम्व्हेट यांनी ते इंग्रजीतही नेले.

"ज्या गावाला उतरायचं, त्या गावचं पुस्तक वाचत जावं," खलाशीबाबा म्हणाले, आणि पुस्तक आमच्या हातात दिले. डब्याच्या मंद दिव्याखाली आमच्यातला एक जण वाचू लागला. पाच-दहा मिनिटांत आजूबाजूची गाणी थांबली. पलीकडच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "जरा मोठ्यानं वाचा ना भाऊ." अकोला गेले, बडनेरा गेले, वाचणारा बदलला, पण वाचन थांबले नाही. वर्ध्याला फटफटले तेव्हा निम्मा डबा आमच्याभोवती गोळा झाला होता. त्यात वाचता न येणारेही होते. आम्ही सात वर्षे कपाटाला कडीकुलूप करून बसलो होतो आणि वाचनालय इथे, जनरल डब्यात, बिनकपाटाचे चालले होते!

नागपूरला उतरून आम्ही आधी चालत सीताबर्डीकडे गेलो. रात्रभर ऐकलेल्या वस्तीच्या आसपास तरी एकदा पाय लागावेत म्हणून. आता सगळीकडे पक्की घरे, दुकाने, वाहनांची गर्दी. पाहण्यासारखे असे काय, असे कुणी म्हणेल. पण ज्या रस्त्याबद्दल आपण वाचलेले असते तो रस्ता परका राहत नाही. आमच्यातला तो साऊंडवाला तरुण एका चहाच्या टपरीवर तिथल्या म्हाताऱ्यांना जुन्या दिवसांबद्दल विचारत अर्धा तास बसला. आम्ही काही बोललो नाही.

तिथून दीक्षाभूमी. रहाटे कॉलनीच्या चौकातून पुढे माणसांचा पूर असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच भूमीवर लाखो अनुयायांसह बुद्धाला शरण जाण्याचे पाऊल उचलले. स्तूपात जाऊन वंदन केले, बोधिवृक्षाखाली क्षणभर थांबलो आणि पुस्तकांच्या स्टॉलकडे वळलो.

ज्यांनी हा पुस्तकांचा बाजार पाहिलेला नाही त्यांना तो सांगून समजणार नाही. मांडवातले मोठे स्टॉल आहेत, तसेच रस्त्याकडेला ताडपत्री अंथरून बसलेलेही. जाडजूड ग्रंथ, वीस-तीस रुपयांच्या पुस्तिका, वंदना, भीमगीते, राज्यघटना, मुलांसाठी चित्रांतली चरित्रे. कुणी कवी स्वतःच्या खर्चाने छापलेला संग्रह स्वतःच विकत उभा. दिवसभर उन्हात उभी असलेली माणसे फोटो घेतात, बुद्धमूर्ती घेतात, आणि जाताना एक तरी पुस्तक पिशवीत टाकतात. शेतमजूर बाई पुस्तक उलटे धरून चित्र पाहते आणि पैसे मोजते, "नातीला" म्हणते.

इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की शाळकरी वयात त्यांचा सत्कार झाला, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकाने एका मुलाला बुद्धाची ओळख करून दिली. त्या मुलाने पुढे काय केले, ते पाहायला दीक्षाभूमीवर उभे राहावे! म्हणून कुणाच्या हातात कोणते पुस्तक ठेवतो याचा विचार करावा लागतो.

विचार करता करता आमचे भांडणही झाले. एकाला सगळे पैसे बाबासाहेबांच्या ग्रंथांवर घालायचे होते. तरुणाला स्पर्धा परीक्षेची पुस्तके हवी होती. आम्ही म्हणत होतो की मुलांना हलके, मोठ्या अक्षरांतले काही घ्यावे. स्टॉलवरच्या ताई बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "वाचणारं कोण आहे ते सांगा ना आधी." मग आम्ही वहीतली मावशींची मागणी वाचून दाखवली.

ताईंनी तीन पुस्तके काढून समोर ठेवली. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं', शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा', आणि उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून लिहिलेले 'आम्हीही इतिहास घडवला'. पहिली दोन १९८६ सालची, तिसरे १९८९ सालचे. शांताबाई शिक्षिका होत्या. त्यांच्या पुस्तकावरून दूरदर्शनवर 'नाजुका' मालिका आली होती, ती आमच्या पिढीतल्या काहींना आठवत असेल. बेबीताई फलटणच्या. छोटे किराणा दुकान चालवता चालवता त्या लिहीत आणि लिहिलेले घरच्यांपासून लपवून ठेवीत. ताईंनी हे सांगितले तेव्हा आम्ही पाचही पुरुष गप्प झालो. तिन्ही पुस्तके घेतली. उरलेल्या पैशांत थोडे ग्रंथ, थोड्या परीक्षेच्या मार्गदर्शिका, आणि बाकी सगळी मुलांची. एकूण एकेचाळीस पुस्तके, ५,४६५ रुपये. शिल्लक पस्तीस रुपयांची नवी नोंदवही.

गर्दीत खलाशीबाबा पुन्हा भेटले. 'वस्ती' परत देऊ लागलो तर त्यांनी हात मागे घेतला. "तुमचं वाचून कुठं झालंय? पुढच्या दसऱ्याला द्या. इथंच." पहिल्या पानावर त्यांनी आमचे नाव आणि तारीख लिहिली. फोन नंबर देऊ केला तर म्हणाले, "कशाला? तुम्ही येणार ना?"

परतल्यावर पहिल्या रविवारी आम्ही कपाट उघडले नाही. चटई अंथरली. मावशींना समोर बसवून 'जिणं आमुचं' वाचायला घेतले. वाचायला बसवला तो त्यांचा सहावीतला नातू, इंग्रजी शाळेतला. अक्षराला अक्षर जोडत तो वाचू लागला. 'येसकर' या शब्दावर अडला. "आजी, हे काय असतं?" मावशींनी सांगायला सुरुवात केली आणि त्यांच्या सासऱ्यांनी गावात काढलेले दिवस, रात्री-अपरात्री आलेले सांगावे, दारोदार मागितलेले तुकडे असे कितीतरी बाहेर आले. पोराला अक्षरे येत होती, अर्थ नाही. आजीला अर्थ येत होता, अक्षरे नाहीत. दोघांनी मिळून त्या संध्याकाळी चार पाने वाचली.

बेबीताई लिखाण लपवून ठेवत, हे आम्ही सांगितले तेव्हा मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आम्ही पगाराचं पैसं पिठाच्या डब्यात लपवतो. तिनं अक्षरं लपवली व्हय!" बायका हसल्या. दोघी-तिघींनी डोळे पुसले.

पुढच्या रविवारी सात बायका आल्या, त्यापुढच्या रविवारी मुलांसह एकोणीस जण. आता नियम असा आहे: मुलाने वाचायचे, मोठ्याने समजावायचे, आणि पुस्तक पंधरा दिवस घरी न्यायचे. उशिराला दंड नाही, पण परत करताना त्यातली एक गोष्ट सगळ्यांना सांगायची. साऊंडवाला तरुण परीक्षेची मार्गदर्शिका न्यायला आला आणि वाचायला बसला. त्याचा आवाज मुळात मोठा, मागच्या बायकांनाही ऐकू जातो. चौदा एप्रिलला नवी नोंदवही मोजली. एकशे बारा नोंदी! चार पुस्तके अजून परत आलेली नाहीत. पूर्वी आम्ही घरोघरी जाऊन तगादा लावला असता. आता त्या नावांपुढे लिहून ठेवतो, 'दुसऱ्या घरात आहे'.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या विहारातही असे एखादे बंद कपाट असेल. फार पैसा लागत नाही. एक चटई लागते, वाचणारे एक पोर लागते आणि ज्यांना आपण निरक्षर म्हणतो अशी एक जाणती आजी लागते. दसऱ्याला नागपूरला जाल तेव्हा निघण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून जा, तुमच्यासाठी कोणते पुस्तक आणू म्हणून.

येत्या दसऱ्याला आम्ही पुन्हा निघणार आहोत. 'वस्ती' वाचून झाले आहे. आमच्या वस्तीतल्या तेवीस जणांची नावे खलाशीबाबांच्या पहिल्या पानावर चढली आहेत आणि जागा संपल्यामुळे आम्ही एक कोरा कागद डकवला आहे. पुस्तक परत द्यायचे आहे. मावशीही येणार म्हणतात. त्यांनी यंदा दोनशे रुपये गाठीला बांधले आहेत, आणि पुस्तक या खेपेला स्वतः निवडणार आहेत.