सातबारा, फेरफार आणि डॉक्सिजेन

मंडळी, डॉक्युमेंटेशन हा शब्द ऐकला की आपल्यातल्या निम्म्यांना झोप येते आणि उरलेल्यांना अचानक दुसरी मीटिंग आठवते. तरी आजचा विषय तोच आहे :-)

झालंय असं, की आमच्या टीममधल्या सगळ्यात जुन्या माणसाने पेपर टाकलाय. सी प्लस प्लसचं एक भलंमोठं मॉड्यूल त्याने एकट्याने सांभाळलं, ते आता माझ्याकडे येणार. हाताशी एक आठवडा. मॅनेजर म्हणाले, "डॉक्सिजेन चालव, डॉक्युमेंट तयार." म्हणून हा वीकेंड उमरग्याला घरी, पण लॅपटॉपसकट.

डॉक्सिजेन म्हणजे दिमित्री व्हान हेश यांचं 1997 पासूनचं फुकट टूल. कोडमधल्या खास कॉमेंट्स वाचून ते एचटीएमएल पानं बनवतं. सगळी सेटिंग्ज 'डॉक्सीफाईल' नावाच्या एका फाईलमध्ये. तिथे 'रिकर्सिव्ह' यस केलं नाही तर ते आतल्या फोल्डरांत शिरतच नाही. 'जनरेट लेटेक' नो केलं की नको असलेला पसारा वाचतो. खरी गंमत 'एक्स्ट्रॅक्ट ऑल'ची. हे यस केलं की एकही कॉमेंट नसलेली फंक्शन्ससुद्धा पानांवर येतात, पण त्याच वेळी 'याला डॉक्युमेंटेशन नाही' या वॉर्निंग्ज बंद होतात! म्हणजे पानं ढीगभर, तक्रार शून्य, आणि आत नुसती नावं. मॅनेजर खूश झाले असते.

शनिवारी आप्पा शेताची कागदपत्रं लावत बसले होते. सातबारा ऑनलाईन मिळतो, मग हे बाड कशाला, असं मी विचारलं.

"आरं, सातबाऱ्यावर कुणाच्या नावावर किती, एवढंच असतंय. ती जमीन नावावर कशी आली ते फेरफारात असतंय. वाटणी, खरेदी, वारस... सातबाऱ्यावरचा नंबर बघायचा अन् फेरफार काढायचा."

आमचा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे बाडातले काही कागद उर्दूत आहेत. ते वाचणारे आजोबा आता नाहीत. कागद आहे, माणूस नाही.

तेव्हा जाणवलं, की डॉक्सिजेन फक्त सातबारा काढून देतं. फंक्शन कुठलं, पॅरामीटर किती, हे सांगतं. ते तसं का लिहिलं, हा फेरफार एका माणसाच्या डोक्यात आहे, आणि तो माणूस शुक्रवारी जाणार.

मग दोनदा चालवलं. आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' यस ठेवून, सोबत ग्राफव्हिज टाकून 'हॅव डॉट' आणि 'कॉलर ग्राफ' सुरू केले. कुठलं फंक्शन किती ठिकाणांहून बोलावलं जातं ते चित्रात दिसलं. नंतर 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' नो करून 'वॉर्न लॉगफाईल'ला फाईलचं नाव दिलं. लांबलचक यादी आली. ज्यांच्यावर सगळ्यात जास्त कोड अवलंबून, ती फंक्शन्स वर घेतली आणि रविवारी सकाळी त्याला फोन लावला.

"इथे रीट्राय तीनदाच का?"

तो हसला. "हे आजवर कुणी विचारलंच नाही रे." मग दोन तास बोलत होता, मी कॉमेंट्स लिहीत होतो. यादी अजून संपलेली नाही, रोज संध्याकाळी अर्धा तास ठरलाय.

तुमच्या टीममधलं कुणी जाणार असेल तर 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' नो करा आणि निघालेली यादी घेऊन त्याच्या शेजारी बसा. केक कापायला शेवटचा दिवस आहेच.