होकाराची टक्केवारी

आमच्या बेळगावात फोन खाली ठेवताना पुष्कळ मराठी माणसंही 'आय्तु' म्हणतात. कन्नड विभागातल्या मित्रांना सांगायला नको, पण या शब्दाचा अर्थ 'झालं' असा. माल गाडीवर चढायचा असतो, कित्येकदा तयारही व्हायचा असतो, तरी 'आय्तु'! रविवार पेठेत कोणाचं 'आय्तु' सोळा आणे आणि कोणाचं बारा, हे माझ्या मामांना तोंडपाठ आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी मामांच्या मसाल्याच्या कारखान्यात (कारखाना कसला, दोन कांडप यंत्रं आणि सात बायका!) बसून एका मोठ्या दुकानसाखळीच्या ऑर्डरींना उत्तरं देत होतो. तिथे ओळख नसते, टक्केवारी असते. अमेरिकेत ही रीत जुनी. दुकानाच्या संगणकाकडून येणारी ऑर्डर म्हणजे '८५०' क्रमांकाचा दस्तऐवज, आणि पुरवठादाराचा होकार-नकार म्हणजे '८५५'. वॉलमार्टने तर २०१७ साली 'वेळेवर आणि पूर्ण' असा दंडकच घातला. चुकलेल्या मालाच्या किमतीवर ३ टक्के दंड. २०२० मध्ये अपेक्षा ९८ टक्क्यांवर नेली.

आता मोजण्यातली गंमत पाहा. १२ जिनसांच्या ऑर्डरीत ११ जिनसांना होकार दिला, तर जिनसांच्या हिशेबाने सुमारे ९२ टक्के. पण पूर्ण मान्य झालेल्या ऑर्डरीच मोजायच्या म्हटलं तर शून्य! काम तेच, माणसं तीच.

एप्रिलमध्ये ५०० खोक्यांची ऑर्डर आली. आमची ताकद ४२०. मामा म्हणाले, "हो म्हण रे, बघूया की." होकार १०० टक्के, पोचलेला माल ८४ टक्के. दंड बसला. पुढच्या खेपेला पुन्हा ५०० च आले. आम्ही ४२० चाच होकार दिला आणि ४२० वेळेवर पोचवले. तरी खरेदी-अधिकाऱ्यांचा फोन: "तुमचा होकार ८४ वर घसरलाय." म्हणजे नसलेल्या मालाला हो म्हटलं तेव्हा त्या रकान्यात आमचा पहिला वर्ग, आणि खरं बोललो तर कानउघाडणी!

माझ्या मते मागणीच्या मानाने होकार एवढंच मोजलं, तर पुरवठादार डोळे मिटून हो म्हणायला शिकतो. होकाराच्या मानाने पुरवठा एवढंच मोजलं, तर तो भीत भीत थोडक्यालाच हो म्हणतो. दोन्ही आकडे शेजारी मांडले तरच तो कळतो. हे मी त्या अधिकाऱ्यांना सविस्तर लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. (त्यांच्या होकाराची टक्केवारी कोण काढणार?)

जूनची ऑर्डर मात्र आली, ३५० खोक्यांची. मामांनी सगळ्यांना होकार दिला, आणि सातांपैकी दोन बायकांना दिवसाआड कामाला यायला सांगितलं.