डब्यातली नोट

लालबाग-परळच्या खोल्यांत पैसे ठेवायच्या जागा ठरलेल्या असतात: तांदळाच्या डब्यात, देवाच्या तसबिरीमागे, साडीच्या घडीत. पोरांना त्या सगळ्या ठाऊक असतात, कारण दहा बाय बाराच्या खोलीत लपवणारा त्यांच्यासमोरच लपवतो. आता टॉवर झाले, पैसे मोबाइलमध्ये गेले. पण आईचा पिनही पोराला पाठच असतो.

माझा पुतण्या दहा वर्षांचा असताना सासूबाईंच्या भिशीच्या पैशांतली शंभराची नोट गेली. पहिला संशय आला तो भांडी घासणाऱ्या बाईंवर. घरातल्या चोरीत हे नेहमी होतं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. दोन दिवसांनी त्याच्या गणिताच्या वहीच्या कव्हरखाली उरलेले सत्तर रुपये सापडले. तीस रुपये क्रिकेटच्या बॉलच्या वर्गणीत गेले होते. दर वेळी ‘फुकट्या’ म्हणून त्याला शेवटी बॅटिंग मिळायची.

भाऊजींनी त्याला दंडाला धरून गॅलरीत ओढलं. “डोंगरीला टाकतो याला!” मुंबईतल्या किती पिढ्या ही धमकी ऐकत वाढल्या! डोंगरीतल्या उमरखाडीच्या जुन्या तुरुंगात नंतर मुलांचं रिमांड होम झालं, त्याची ही दहशत. पण 2015च्या बालन्याय कायद्यानुसार मुलाविषयीच्या कामकाजात आरोप करणारी भाषा वापरायची नाही. सरकारी कचेरीत जे बोलायला मनाई आहे, ते आपण चाळभर ऐकू जाईल असं ओरडतो. मग ते पोर जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत तेच वाचत राहतं.

यामागे भीती असते, हे मला कळतं. फाशी जाताना मावशीचा कान चावणाऱ्या चोराची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. वेळीच आवरलं नाही तर पोर हाताबाहेर जाईल! मात्र आवरणं म्हणजे चारचौघांत उघडं पाडणं, हे त्या गोष्टीत कुठेही नाही.

गिरगावाला लागून गावदेवीत मणिभवन आहे. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. याच गांधीजींनी पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातलं सोनं चोरलं होतं, तेही त्या भावाचंच पंचवीसेक रुपयांचं कर्ज फेडायला. तोंडानं सांगवेना, म्हणून चिठ्ठी लिहून त्यांनी आजारी वडिलांच्या हातात दिली. वडील उठून बसले, वाचता वाचता रडले, चिठ्ठी फाडली आणि पुन्हा आडवे झाले. या प्रसंगात सगळे मुलाचा खरेपणा बघतात. मला ते वडील मोठे वाटतात. मुलाला कबूल करून पुन्हा घरात मान वर करता आली, ती त्यांच्यामुळे.

आमच्याकडे सासूबाईंनी नातवाला गॅलरीतून आत आणलं आणि दार लावलं. शिक्षा झाली, नाही असं नाही. दर शनिवारी त्याला दहा रुपये हातखर्च सुरू केला. त्यातले पाच परत भिशीच्या डब्यात, त्यानंच टाकायचे, वहीत लिहून. डब्याला कुलूप लावू दिलं नाही. मध्ये एकदा त्यानं पुन्हा हात मारला. तेव्हा हप्ते वाढले, डबा तसाच उघडा राहिला.

पुन्हा पुन्हा घडत असेल, सोबत खोटं बोलणं, शाळा बुडवणं असेल, तर घरच्या उपायांवर विसंबून राहू नये. तेव्हा नागपाड्यात असलेल्या टाटा समाजकार्य संस्थेनं 1937 सालीच मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं होतं. आज परळमध्ये केईएम आणि वाडिया ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. तिथे मुलाला नेण्यात कसली आलीय लाज?

आमच्या पुतण्याचे पैसे फिटले. भांडीवाल्या बाईंची माफी मात्र सासूबाईंनी त्याला मागायला लावली नाही. ती भाऊजींना मागायला लावली, कारण संशय मोठ्यांनी घेतला होता.