रक्तवाहिनीतला चुना

परळच्या रहिवाशांना हृदयविकार हा शब्द नवा नाही. १९२६ साली उभ्या राहिलेल्या के.ई.एम. रुग्णालयातच १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. नवा आहे तो एक आकडा. दादर-परळच्या धर्मग्रामांत मिस्सा आटोपली की कुणीतरी सी. टी. स्कॅनचा कागद आमच्या हाती ठेवतो आणि दबक्या आवाजात विचारतो, “फादर, कॅल्शियम एवढं निघालं, आता काय?” वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे, परंतु भ्यालेल्या मनाला उत्तर हवे असते. म्हणून जाणत्यांना विचारून, वाचून जे उमगले ते येथे मांडीत आहोत.

ही मोजदाद अमेरिकेतील डॉ. आर्थर ॲगॅटस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केली. शून्य म्हणजे हृदयाच्या धमन्यांत चुना आढळला नाही. चारशेच्या वर म्हणजे तो पुष्कळ साचला आहे.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध भगिनीने अहवाल येताच दूध सोडले आणि हाडांसाठी दिलेल्या गोळ्याही परस्पर बंद केल्या. असे करणारे अनेक असतील. परंतु हा चुना दुधाच्या पेल्यातून धमनीत उतरत नाही. धमनीच्या अस्तराखाली आधी चरबी साचते, तेथे दाह होतो आणि वर्षानुवर्षांनी तिच्या भिंतीतील काही पेशी हाड घडविणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. तेथे जमणारे खनिजही हाडातल्याच जातीचे. जुन्या जखमेवरचा तो वणच म्हणावा. उतारवयात तर हाडे झिजत असतानाच धमन्या कठीण होत जातात. अशा वेळी दूध टाकल्याने धमनी स्वच्छ होत नाही. हाडे मात्र दुबळी होतात.

आणखी एक नवल. कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी हा आकडा कधी वाढतोही, तरी झटक्याचा धोका घटतो. कारण मऊ, फुटू पाहणारा थर घट्ट होतो. उलट, शून्य आले म्हणून तंबाखू खाणाऱ्याने निश्चिंत होऊ नये. मऊ थर या तपासणीत दिसत नाही.

तेव्हा वाचकहो, अहवाल कपाटात दडवू नका आणि मनानेच पथ्ये ठरवू नका. झालेला साठा सहसा पुसला जात नाही. परंतु रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांना आजही आवर घालता येतो. त्या भगिनी आता पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ लागल्या आहेत. दूधही पितात.