मेमरीने घातलेला घोळ

आपल्या शाळेच्या संगणक कक्षाची देखरेख करणारे आम्ही पाच पालक. एक बँकेतले, एक वकील, दोघे दुकानदार आणि एक डबे करणाऱ्या काकू. संगणक शिकलेले आमच्यात कुणीच नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात मुख्य संगणक इतका रेंगाळू लागला की गुणपत्रक उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. दुरुस्तीला आलेला माणूस दोन मिनिटे बघून म्हणाला, "मेमरी कम पड रही है, साहब," आणि निघून गेला.

आम्ही आमच्या परीने अर्थ लावला. जागा कमी पडते ना, मग सामान काढा! सर्वांत जास्त जागा स्नेहसंमेलनांच्या फोटोंनी अडवली होती. 'प्रती असतीलच कुठेतरी' असे म्हणत आम्ही २०११ ते २०१९ चे सगळे फोटो पुसले, वर रिसायकल बिनही रिकामे केले. संगणक होता तितकाच संथ राहिला. आणि प्रती कुठेच नव्हत्या.

पुढे शाळेचीच एक माजी विद्यार्थिनी सुट्टीत इंदुरात आली. तिने ऐकून कपाळाला हात लावला. "काका, तो रॅमबद्दल बोलत होता. तुम्ही हार्ड डिस्क रिकामी केलीत!" दोन्हींना लोक मेमरीच म्हणतात, तिथेच आमचा पाय घसरला.

फरक सर्वांत आधी काकूंना कळला. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. चालू काम ओट्यावर होते, वीज गेली की ओटा साफ. फडताळातले मात्र जागेवर राहते. ओटा लहान असला की दर वेळी एक डबा आत ठेवायचा, दुसरा काढायचा. संगणकही तेच करतो आणि त्यातच त्याचा वेळ जातो. आमच्या यंत्रात ४ जीबी रॅम होती. जेल रोडवरून आणखी ४ जीबीची पट्टी आणून बसवली. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडीही घातली. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, म्हणून हवे ते चटकन सापडते. नवा संगणक घ्यावा लागला नाही.

एका विश्वस्तांनी मात्र पावती पुढे केली. "५०० जीबीचे पैसे दिले, इथे ४६५ दिसतात. ३५ कुठे गेले?" वकीलसाहेब तर नोटीस द्यायच्या तयारीत! पण यात फसवणूक नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या पटीत. माप वेगळे, माल तेवढाच.

मागच्या इमारतीतल्या वाचनालयात इंटरनेट सारखे तुटायचे. आम्ही सहा महिने राउटरला दोष देत होतो. राउटर शाळेचे जाळे बाहेरच्या इंटरनेटशी जोडतो; शाळेतले संगणक एकमेकांना जोडतो तो स्विच. दोन्ही ठीक होते. त्या मुलीने केबल मोजायला लावली, तर ती १३० मीटर भरली. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर. मधल्या शिक्षक खोलीत एक छोटा स्विच बसवून तिचे दोन तुकडे केले, आणि तक्रार थांबली.

फोटोंचे मात्र तसे नाही. काही पालकांनी घरच्या सीडी आणून दिल्या, त्यातून सात वर्षांचे थोडेफार परत मिळाले. २०१४ आणि २०१७ चा एकही फोटो नाही. कुणाकडे असल्यास कार्यालयात आणून द्यावेत. उतरवून घेऊन सीडी त्याच दिवशी परत करू. आता दोन प्रती ठेवतो. एक कक्षात, दुसरी शाळेबाहेर काकूंच्या घरी, फडताळात.