मास्तरांचा आवाज

गेल्या उपवासकाळातील गोष्ट. ख्रिस्तचरित्रावरील एक इंग्रजी चित्रपट आमच्या धर्मग्रामात पूर्वी दरवर्षी व्हिडिओ कॅसेटवर दाखविला जाई. आमचे कॅटेकिस्ट मास्तर पडद्याकडे पाहत मराठी निवेदन वाचीत. एका वर्षी ते आम्ही दोन ध्वनिफितींवर उतरवून घेतले. मास्तर आता देवाघरी गेले. व्हिडिओ कॅसेटला बुरशी लागली. ध्वनिफिती मात्र वाचल्या.

यंदा त्याच चित्रपटाची स्वच्छ प्रत मिळाली. रत्नागिरीच्या आमच्या सभागृहात दोन्ही एकत्र लावून पाहिले. प्रारंभ उत्तम झाला. पण पडद्यावर प्रभू अजून क्रूस वाहत असतानाच मास्तरांनी त्याने प्राण सोडल्याचे सांगून टाकले! मुले हसली. मला हसू आले नाही.

दादासाहेब फाळके यांनी गिरगावात ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला आणि पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत. वेग थोडा इकडेतिकडे झाला तरी चाले. बोलपट आल्यावर ध्वनीसाठी वेग बांधून घ्यावा लागला, तो सेकंदाला २४ चित्रांचा. आपल्याकडील दूरचित्रवाणीचे तंत्र मात्र विजेच्या ५० आवर्तनांशी निगडित, म्हणून सेकंदाला २५ चित्रांचे. त्यामुळे कॅसेटवर चित्रपट किंचित घाईने पळे. आमचा दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटे १२ सेकंदांतच संपे, आणि मास्तरांनी आपले वाचन त्या घाईशी जुळविले होते. नवी प्रत मूळ २४च्या वेगाची. (तीच २३.९७६ची असती, तर आणखी सात सेकंदांचा घोळ!)

गायकवृंदातील एका मुलाने संगणकावर, ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्राममध्ये, निवेदनाचा वेग चार टक्क्यांनी उतरविला. शब्द जागच्या जागी बसले. मास्तरांच्या पत्नीला मोठ्या उत्साहाने ऐकविले. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, “फादर, आवाज ह्यांचाच, पण हे असे जड बोलत नसत.”

त्यांचे म्हणणे खरे होते. वेग उतरला की स्वरही उतरतो. येथे तो पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या जवळजवळ पाऊण हिश्शाने उतरला होता. चित्रपटाच्या मूळ संगीताला हाच उपाय योग्य ठरला असता, कारण कॅसेटवर तेच यंत्राने वर चढविलेले होते. मास्तरांचा कंठ कोणी चढविला नव्हता. ते आपल्या स्वाभाविक स्वरातच वाचत होते. मला हे आधी सुचावयास हवे होते.

मूळ ध्वनी पुन्हा घेतला. या वेळी ‘चेंज स्पीड’ऐवजी ‘चेंज टेम्पो’. आकडा तोच, उणे चार. कालावधी वाढला, स्वर तसाच राहिला. ध्वनिफितींच्या चार बाजूंचे सांधे जुळविण्यात दोन रात्री गेल्या, ते निराळे.

पेत्राच्या नकाराच्या प्रसंगी मास्तरांना खोकला येतो. तोही आता थोडा लांबला आहे. मुलगा तो काढून टाकणार होता. बाई म्हणाल्या, “राहू दे, बाळा.”